पुस्तकावर न्यूबेरीचा शिक्का आहे? आधी हे वाचा

जुनं पुस्तक किंवा नकाशा हाती येतो, आत शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा शिक्का दिसतो आणि ग्राहकाचा पहिला प्रश्न येतो, "हे चोरीचं तर नाही ना?" दुसरा प्रश्न किंमत किती वाढली हा. दोन्हींचं उत्तर शिक्क्यात नसतं. ते लायब्ररीच्या स्वतःच्या दप्तरात शोधावं लागतं, आणि ते शोधून देणं हेच आमचं काम.

पुस्तकं तिथून रीतसर बाहेर कशी पडली हे कळायला थोडा इतिहास हवा. वॉल्टर न्यूबेरी हे शिकागोच्या जमिनींवर श्रीमंत झालेले गृहस्थ. १८६८ मध्ये फ्रान्सला जाताना ते बोटीवरच वारले. दोन्ही मुली मागे अपत्य न ठेवता गेल्या, तर अर्धी मालमत्ता शहराच्या उत्तर भागातल्या मोफत ग्रंथालयाला जावी, असं कलम मृत्युपत्रात होतं. झालंही तसंच. मुली १८७४ आणि १८७६ मध्ये गेल्या, पत्नी १८८५ मध्ये, आणि १८८७ मध्ये ग्रंथालय उभं राहिलं. तोवर शहराचं सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालेलं होतं. तेच काम दुसऱ्यांदा करण्यात अर्थ नव्हता, म्हणून विश्वस्तांनी संशोधनाचा मार्ग धरला. पुस्तक घरी न्यायचं नाही, तिथेच बसून वाचायचं. वाचनाला पैसे नाहीत. संस्था सरकारची नाही, विद्यापीठाचीही नाही, म्हणून ती 'स्वतंत्र' म्हणवते.

   

मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. १८९० च्या दशकात शहरातल्या ग्रंथालयांनी विषय वाटून घेतले: न्यूबेरीकडे इतिहास, साहित्य अशा मानव्यविद्या, नव्या जॉन क्रेरर लायब्ररीकडे विज्ञान. त्यामुळे न्यूबेरीतली विज्ञानाची आणि वैद्यकाची पुस्तकं क्रेररकडे गेली, आणि क्रेरर लायब्ररी १९८४ मध्ये शिकागो विद्यापीठात विलीन झाली. शिवाय १९६४ मध्ये न्यूबेरीने लुईस सिल्व्हर यांचा संग्रह सुमारे २७ लाख डॉलरला घेतला आणि आधीच असलेल्या पुस्तकांच्या जादा प्रती १९६५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विकायला काढल्या. म्हणजे एखादं पुस्तक न्यूबेरीतून आलं एवढ्यावरून ते चोरीचं ठरत नाही. मात्र चोऱ्याही झाल्या आहेत. २००६ मध्ये एका नकाशा-व्यापाऱ्याने अनेक ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली, त्या ग्रंथालयांत न्यूबेरीही होती. फक्त सुटं पान हाती असेल तर ते पुस्तकातून कापलेलं असू शकतं, म्हणून आम्ही जास्त सावध असतो.

आता एक नेहमीचा घोळ. न्यूबेरीत पुलमन या रेल्वेडब्यांच्या कंपनीचं दप्तर आहे, शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेचंही आहे. ते झाले संग्रह, बाहेरून आलेले. आम्हाला लागतं ते ग्रंथालयाच्या कारभाराचं दप्तर: विश्वस्तांच्या सभांची इतिवृत्तं, ग्रंथपालांचे अहवाल, विक्रेते आणि देणगीदारांशी झालेला पत्रव्यवहार, दाखल नोंदी (कोणतं पुस्तक कधी आणि कुणाकडून आलं याच्या). विचारताना 'संग्रह' म्हटलं की उत्तर भलतीकडूनच येतं.

पुस्तकात जे लिहिलंय ते पुरावा धरू नका. न्यूबेरीतच एक हस्तलिखित आहे. १८५७ मध्ये दिल्लीच्या बादशहाच्या राजवाड्यात सापडलं आणि माणसाच्या कातड्यात बांधलं आहे, अशी त्यात नोंद. तिथल्या जतन-विभागाने तपासलं, तर कातडं घोटून चकचकीत केलेलं बकऱ्याचं निघालं!

आमच्याकडे पाठवताना शीर्षकपान, त्याची मागची बाजू आणि दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजू यांचे फोटो द्या, तिरप्या उजेडात काढलेले. शिसपेन्सिलने लिहिलेला एखादा बारीक आकडा शिक्क्यापेक्षा मोलाचा असतो. तो दाखल क्रमांक असेल तर पुस्तक कधी आणि कुणाकडून आलं इथवर पोचता येतं. पेन्सिलीच्या खुणा खोडू नका, लेबल सोलू नका. 'स्वच्छ' करून आणलेल्या पुस्तकाचा माग बहुतेकदा तिथेच संपतो. ग्रंथालयाने पुस्तक संग्रहातून काढल्याचा, म्हणजे रद्द केल्याचा, शिक्का असल्यास तोही फोटोत यायला हवा.

कर्मचाऱ्यांच्या फाइली आणि अलीकडच्या देणगीदारांची पत्रं अशा संस्थांत सहसा बंद असतात, त्यांची हमी आम्ही देत नाही. आणि पुस्तक बाहेर गेल्याची नोंद सापडली नाही तर आम्ही तसंच लेखी कळवतो, सोबत ग्रंथालयाला थेट विचारायच्या पत्राचा मसुदा देतो. ते पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत पुस्तक विकायला काढू नका.