‘तुमचे डोळे जड होताहेत...’ या वाक्यात जादू किती?

एका बिंदूवर नजर खिळवा, अंग सैल सोडा, मनातल्या मनात एकेक पायरी उतरत जा. संमोहनाच्या या सुरुवातीच्या विधीला मानसशास्त्रात ‘इंडक्शन’ म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळी किमया त्यातच आहे. प्रयोग मात्र वेगळंच सांगतात.

मँचेस्टरचा शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड 1841 मध्ये मेस्मेरिझमचा (हातवारे करून, एका अदृश्य प्रवाहाच्या जोरावर माणसाला भारून टाकण्याचा दावा करणाऱ्या पद्धतीचा) खेळ बघायला गेला, तो मनात शंका घेऊनच. समोरच्या माणसाला पापण्या खरोखरच उघडता येत नाहीत हे पाहून तो चक्रावला. घरी त्याने एका मित्राला बाटलीच्या मानेकडे आणि बायकोला साखरेच्या भांड्यावरच्या नक्षीकडे टक लावून बघायला सांगितलं. दोघांचेही डोळे मिटले. म्हणजे हातवारे नकोत, कुठलाही अदृश्य प्रवाह नको. साखरेचं भांडंही पुरतं! त्याच्या बरीच वर्षं आधी, 1813 पासून, गोव्यात जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये लोकांना खुर्चीत बसवून नुसतं ‘झोपा!’ असं फर्मावत. शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्यात आहे, असं ते सांगत. माझ्या मते या विषयातलं काळाच्या सर्वांत पुढचं वाक्य तेच.

सूचना किती भिनते हे मोजायला स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 1959 मध्ये मोजपट्टी तयार केली. इंडक्शनसह एकामागून एक बारा सूचना द्यायच्या आणि किती लागू पडल्या ते मोजायचं. हात जड झालाय, ही त्यातली सोपी सूचना. कानाशी डास गुणगुणतोय, ही 1962 च्या आवृत्तीतली, तिच्याहून अवघड. गंमत अशी, की याच सूचना इंडक्शन न करता दिल्या तरी बऱ्याच जणांवर चालतात. विधीमुळे गुण वाढतात, पण सहसा थोडेच. आणि विधीशिवाय ज्यांना चांगले गुण मिळतात, विधीनंतरही बहुधा तेच पुढे असतात. सूचना लागू पडण्याची ही क्षमता टिकाऊही आहे. त्याच माणसांची 25 वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध 0.71 निघाला (1 म्हणजे तंतोतंत मेळ, 0 म्हणजे काहीच नाही).

बरं, शिथिल होणं तरी गरजेचं आहे का? 1976 मध्ये एव्हा बान्याई आणि अर्नेस्ट हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना जागेवरची सायकल मारायला लावली आणि ‘ताजेतवाने व्हा, सावध व्हा’ अशा सूचना दिल्या. सूचनांचा परिणाम नेहमीच्या झोपाळू पद्धतीइतकाच झाला. 2005 च्या एका प्रयोगात तर इंडक्शनचा मजकूर तोच ठेवून फक्त त्याचं नाव बदललं. ‘हे संमोहन आहे’ असं सांगितलेल्या गटावर सूचनांचा प्रभाव बराच वाढला. ‘ही शिथिलीकरणाची पद्धत आहे’ असं सांगितलेल्यांवर तेवढा नाही.

मग इंडक्शन निरर्थक? तसं नाही. ते लक्ष एकवटतं, आणि ‘आता काहीतरी वेगळं घडणार’ ही अपेक्षा जागी करतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी पंधरा मिनिटं संमोहन दिलेल्या स्त्रियांना वेदना आणि मळमळ कमी झाली, भुलीचं औषधही कमी लागलं, असं 2007 च्या चाचणीत दिसलं.

रंगमंचावरच्या जादूगाराला हे सगळं केव्हाच ठाऊक असावं. आधी तो सगळ्या प्रेक्षकांना बोटांत बोटं गुंफायला लावतो आणि म्हणतो, ‘हात चिकटलेत, सुटणारच नाहीत!’ ज्यांचे सुटत नाहीत, त्यांनाच तो वर बोलावतो. लंबक नंतर निघतो.