पार्श्वभूमी : घरच्या सर्व्हरवर वेबसाइट टिकली, मेल का टिकला नाही?

इंदूरच्या राजेंद्र नगर, सुदामा नगर किंवा रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात राउटरशेजारी तळहाताएवढं यंत्र चोवीस तास चालू दिसलं, तर त्यावर बहुधा घरमालकाची स्वतःची वेबसाइट असते, कुटुंबाचे फोटो असतात. मेल मात्र तो त्यावरून पाठवत नाही. पाठवलाच तर समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो, नाहीतर दारातूनच परत येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इंदुरात नेमकं उलट होतं. घरच्या कॉम्प्युटरवर मेल सांभाळणं जमण्यासारखं होतं आणि वेबसाइट ठेवणं हा निव्वळ वेडेपणा होता.

ही हौस तशी वेबपेक्षा जुनी. जानेवारी १९७८ मधल्या बर्फवादळात शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघा हौशींनी फोनवरून चालणारा निरोपांचा फलक जुळवायला घेतला आणि १६ फेब्रुवारीला तो सुरू केला. एका वेळी एकालाच त्यावर येता येई. त्याच वर्षी ३ मे रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्यूर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली. ती पहिली स्पॅम मानतात. म्हणजे हौस आणि तिच्या मुळावर उठलेली कीड एकाच वर्षातली. फक्त त्या किडीकडे पुढे बरीच वर्षं कोणी गंभीरपणे पाहिलं नाही.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याकडे मेल कसा पोचवायचा याचे, नियम लिहिले तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधनसंस्थाच प्रामुख्याने होत्या. पाठवणारा सांगेल ते नाव खरं धरायचं. पोस्टकार्डावर कोणीही कोणाचंही नाव लिहून पेटीत टाकावं, तसं. दुसरं गृहीतक आपल्या कामाचं: समोरचं यंत्र बंद असू शकतं. १९८९ च्या नियमांत स्पष्टच म्हटलंय की पत्र पोचलं नाही तर निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत. वेबला ही सवलत नाही. वाचणारा आला आणि यंत्र बंद असलं, तर तो गेला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर, म्हणजे जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरवर, लाल शाईतली चिठ्ठीच चिकटवलेली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका.

सर्नशी इंदूरचं नातं आहे, हे जाता जाता सांगायला हवं. १९८४ मध्ये सुरू झालेलं आपलं 'कॅट' हे संशोधन केंद्र (२००५ पासून राजा रामण्णा केंद्र, पण गावात अजून कॅटच) सर्नच्या एलएचसी या कणांच्या महाकाय यंत्राच्या उभारणीत होतं. तिथले प्रचंड चुंबक अचूक जागी धरणारे हजारो जॅक कॅटच्या आराखड्यावरून भारतात बनून गेले. त्याने शहरात इंटरनेट लवकर आलं असं मात्र नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं ते आधी मोजक्या महानगरांत. विद्यार्थ्यांचं नुसत्या अक्षरांचं शेल खातं वर्षाला ५०० रुपये. ज्या गावात डायल करायचा नंबर नव्हता, तिथून एसटीडी लावावा लागे आणि बिल पाहून वडील काय म्हणतील हा हिशेब वेगळा. संगणकाच्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या आणि खरी मजा सुरू झाली. रात्री दहा मिनिटं फोन जोडायचा, फेचमेल या प्रोग्रामने साचलेला मेल ओढून घ्यायचा, घरातल्या माणसांत वाटायचा. मेलची ने-आण करणाऱ्या, एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या प्रोग्रामची सेटिंगची फाइल वाचणं म्हणजे शिक्षाच होती. १९९८ च्या अखेरीस वित्से वेनेमा यांचं पोस्टफिक्स आलं तेव्हा हौशींनी सुटकेचा श्वास टाकला.

मग लाइटचा प्रश्न. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. पुढची काही वर्षं मध्य प्रदेशात काय हाल झाले ते २००३ च्या निवडणुकीतल्या 'बिजली, सडक, पानी'वरून कळतं. इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की कॉम्प्युटर, यावर घरात मतदान घेतलं तर कॉम्प्युटर हरणारच. २००५ मध्ये बीएसएनएलचं २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आलं. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजमाप नसे. पण त्या तारेवर खाली यायला रुंद वाट आणि वर जायला बोळ, म्हणजे सर्व्हरसाठी उलटी सोय. लाइट गेली की मोडेम नव्याने जोडला जाई आणि बहुधा आयपी पत्ता (जाळ्यावरचा घराचा क्रमांक) बदले, म्हणून साइटचं नाव नव्या पत्त्याशी जोडत राहणारी डायनॅमिक डीएनएसची फुकट सेवा घ्यायची. या सगळ्यात मेल तग धरून राही. सहा तास अंधार असला तरी पाठवणारा सर्व्हर पुन्हा दार वाजवायचा. वेबसाइटचे पाहुणे तेवढे सोशिक नव्हते.

मेलचं नुकसान विजेने केलं नाही, अविश्वासाने केलं. जगभर घरोघरचे विंडोजचे संगणक व्हायरसने ताब्यात घेतले गेले आणि त्यांतून स्पॅम वाहू लागली. मग घरगुती कनेक्शनच संशयित ठरलं. इंटरनेट कंपन्या २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल ज्या दारातून जातो ते, बंद करू लागल्या. स्पॅमविरोधी याद्या काढणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेने, ज्या पत्त्यांवरून थेट मेल यायलाच नको अशा पत्त्यांची यादी काढली. त्यात घरगुती कनेक्शनांचे पट्टेच्या पट्टे. जोडीला पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या पद्धती आल्या: एसपीएफ, डीकेआयएम, २०१२ मध्ये डीमार्क. एवढं हौशी माणूस एका रविवारी करून टाकतो. अडतं ते उलट्या नोंदीवर, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या पीटीआर नोंदीवर. ती आपल्या हातात नसते, कंपनीच्या हातात असते, आणि घरगुती ग्राहकासाठी ती करून मिळणं मुश्किल. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला ती नोंद प्रत्येक पाठवणाऱ्याकडून हवी आहे. नियम स्पॅमवाल्यांसाठी आणले, त्यात प्रामाणिक छोटा माणूस बाहेर राहिला, असं माझं मत.

वेबचं भाग्य तेवढ्यात फळफळलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा इवलासा संगणक आला, जो छोट्या यूपीएसवर तासन्तास चालतो. वीज सुधारली, फायबरने वर जायची वाटही रुंद केली. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था साइट सुरक्षित ठरवणारं सर्टिफिकेट फुकट देऊ लागली. अडसर एकच होता: एप्रिल २०११ मध्ये आशियाच्या वाट्याचे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जवळपास संपले, आणि कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवू लागल्या. बाहेरून दार ठोठावायची सोयच गेली. त्यावर टनेलचा उपाय निघाला. घरातलं यंत्र स्वतःहून बाहेर जोडणी करतं आणि पाहुणे त्याच वाटेने आत येतात.

मेलवाल्यांनी अर्धी तडजोड केली. स्थिर आयपी विकत मिळाला तर येणारा मेल घरीच उतरवायचा, जाणारा, आपल्या वतीने मेल पोचवणाऱ्या, पैसे घेणाऱ्या रिले सेवेच्या हवाली करायचा. पोस्टफिक्सच्या फाइलमध्ये त्यासाठी रिलेहोस्टची ओळ आणि सेवेचा पासवर्ड पुरतो. काही जण घरच्या पेटीवर देवनागरी पत्तेही चालवून बघतात: ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' हे डोमेन आलं, पोस्टफिक्सला २०१५ पासून असे पत्ते कळतात. कित्येक सरकारी आणि बँकांच्या फॉर्मना ते अजून कळत नाहीत.