मेयोनीज

अंड्याचा बलक, तेल आणि व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घुसळून केलेले दाट, फिकट पिवळे तोंडीलावणे. ठाण्यात तलावपाळीच्या आसपास किंवा वाशी-नेरूळच्या स्थानकांबाहेर सँडविच, फ्रँकी आणि मोमोंच्या गाड्यांवर ज्याला नुसते ‘मेयो’ म्हणतात, ते मात्र बहुधा बिनअंड्याचे असते आणि त्याची घडणही मुळातून वेगळी असते.

अस्सल मेयोनीज हे पायस (इमल्शन), म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांचे मिश्रण आहे. त्यात वजनाने साधारण ७० ते ८० टक्के तेल असले, तरी ते थेंबाथेंबाने अल्पशा पाण्यात विखुरलेले असते. बलकातील लेसिथिन व प्रथिने प्रत्येक थेंबाभोवती पापुद्रा धरतात, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये जसे कोणाला हलता येत नाही, तसे हे खेटलेले थेंब सरकू शकत नाहीत. दोन पातळ द्रवांचे लोण्यासारखे घट्ट मिश्रण होते ते या दाटीमुळे. तेल घाईने ओतल्यास मेयोनीज फाटते. मग दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेऊन फाटलेले मिश्रण त्यात थेंबथेंब घालत घुसळावे; टाकून देण्याची गरज नसते.

बाजारातील बिनअंड्याच्या प्रकारात दुधाची किंवा सोयाबीनची प्रथिने, स्टार्च आणि झँथन गम हा दाटपणा आणणारा डिंक वापरतात. तेल कमी असल्यास दाटपणा मुख्यतः स्टार्चमुळे येतो, म्हणूनच ते जिभेवर किंचित चिकट लागते. घरी थंड दूध आणि त्याच्या सुमारे दुप्पट तेल मिक्सरमधून फिरवून शेवटी लिंबू पिळले, तर त्याहून कितीतरी चांगले मेयोनीज होते.

१७५६ मध्ये फ्रेंचांनी भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावरील माओन बंदर जिंकले, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. ते सिद्ध झालेले नाही.

कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंची बाधा होऊ शकते. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली. खाडीकाठच्या दमट उकाड्यात असे मेयोनीज गाडीवर उघडे ठेवणे धोक्याचेच. घरी केलेलेही लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, मात्र गोठवू नये, कारण गोठल्यावर पायस मोडते.

लसूण, तेल व लिंबू यांचे लेबनॉनमधील तूम हे याच जातीचे, अंड्याविना केलेले पायस आहे. चक्क्यात लसूण-मिरची वाटून केलेले तोंडीलावणे दिसायला तसेच असले, तरी त्याचा दाटपणा दह्याच्या साकळलेल्या प्रथिनांचा असतो, तेलाचा नव्हे.