उच्छ्वासानंतरची दोन सेकंदं

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते आणि भिंतींवरचा उजेड जेमतेम असतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा) ३२०० वर नेला तरी शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, बऱ्याचदा १/१५ सेकंदाच्या आसपास रेंगाळतो आणि तेवढ्यात हातातला कॅमेरा हलला की फोटो पुसट होतो. अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो, "श्वास रोखून धर आणि मार क्लिक." यातलं अर्धंच बरोबर आहे. श्वास नेमका कुठे थांबवायचा, हे त्यात कुणी सांगत नाही आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी हलतं किती ते पाहू. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. २०० मिमीची लेन्स लावली असेल तर कॅमेरा फक्त ०.०३ मिलिरेडियननं कलला तरी चित्र एका पिक्सेलनं सरकतं. हा कोन डोळ्यांपुढे येणं अवघड, म्हणून मोजमाप बदलू. १५ सेंमी रुंद कॅमेऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा साडेचार मायक्रॉननं वर गेली की तेवढा कोन झाला. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ५० मिमीच्या लेन्सला यात चौपट सवलत मिळते. 'शटर स्पीड निदान एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) ठेवा' हा जुना नियम याच हिशेबातून येतो. तो फिल्मच्या काळातला आहे, त्यामुळे फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहणाऱ्यांनी वेळ आणखी निम्मी करावी.

आता श्वास. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि दर खेपेला सुमारे अर्धा लिटर हवा आतबाहेर करतो. श्वास घेणं हे काम आहे. श्वासपटल आकसून खाली जातं, बरगड्या वर उचलल्या जातात आणि बरगड्यांना टेकलेली कोपरं, म्हणजे पर्यायानं कॅमेराही, वर ढकलला जातो. शांतपणे सोडलेल्या श्वासाला मात्र काहीच करावं लागत नाही. ताणलेली फुप्फुसं आपोआप आक्रसतात. फुप्फुसांची आतली ओढ आणि छातीच्या पिंजऱ्याची बाहेर फाकण्याची ओढ जिथे बरोबरीत येतात, तिथे हवा थांबते. त्या क्षणी छातीत दोन-सव्वादोन लिटर हवा शिल्लक असते आणि तिला तिथे ठेवायला एकाही स्नायूला राबावं लागत नाही. पुढचा श्वास सुरू होईपर्यंत एक-दोन सेकंदांचा हा विराम आपल्याला आयता मिळतो. क्लिक करायचं ते इथे.

छाती भरून श्वास रोखला तर? फुगलेला पिंजरा धरून ठेवायला बरगड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू ताठ राहतात आणि ताठ स्नायू थरथरतात. हृदयाचा ठोकाही त्यांच्यातून हातापर्यंत पोचतो. उलट टोकाला, पोट आत खेचून होती नव्हती तेवढी हवा बाहेर काढली तर पोटाचे स्नायू आवळतात आणि श्वासाची भूक फार लवकर लागते. ती मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते. प्राणायाम करणाऱ्यांचा हात इथे हमखास घसरतो, कारण त्यांना कुंभकाची, म्हणजे श्वास मुद्दाम रोखून धरण्याची, सवय असते. आपल्याला कुंभक नको आहे. रेचकानंतर शरीर स्वतःहून थांबतं, तेवढीच विश्रांती हवी आहे. नेमबाज हा विराम ८-१० सेकंदांपर्यंत लांबवतात. फोटोला तीन-चार सेकंद पुष्कळ झाली. तेवढ्यात क्लिक झालं नाही तर कॅमेरा न हलवता एक-दोन श्वास घ्यावेत आणि नव्यानं सुरुवात करावी. ओढून ताणून मिळवलेला फोटो सहसा हललेलाच निघतो.

नेमबाजांचा विषय निघालाच आहे. कोल्हापूर जिल्ह्यानं तेजस्विनी सावंत (२०१० ची विश्वविजेती) आणि स्वप्नील कुसाळे (२०२४ चं ऑलिंपिक कांस्य) असे ५० मीटर रायफलचे दोन मोठे नेमबाज दिले. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. कोनात मोजलं तर ते आपल्या २०० मिमी लेन्सच्या सात पिक्सेलएवढं भरतं. तरी दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. नेमबाजाला नळी *कुठे* आहे याची चिंता असते, फोटोग्राफरला कॅमेरा *किती वेगानं* सरकतोय याची. चौकट केसभर वर-खाली झाली तर कुणाला कळतसुद्धा नाही, शटर उघडं असताना ती सरकू नये एवढंच. म्हणून 'हात स्थिर झाला का' असं विचारण्यापेक्षा 'हात आता सावकाश झाला का' हे बघावं.

आकड्यांत सांगायचं तर, समजा श्वास घेताना दोन सेकंदांत कॅमेरा ०.४ अंशानं कलतो. १/१५ सेकंदात ५० मिमीवर चित्र दोन पिक्सेल सरकेल, २०० मिमीवर आठ. हाच फोटो १/१००० ला काढला तर २०० मिमीवरही पिक्सेलच्या दहाव्या भागाएवढाच फरक पडेल. उन्हात पक्षी टिपताना श्वासाचा विचार करत बसू नये तो यासाठी.

"माझ्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझर (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) आहे की" असं कुणी म्हणेल. आहे, आणि हाताच्या सेकंदाला ८-१२ वेळा होणाऱ्या कंपनावर तो उत्तम चालतो. पण त्याचा जायरो सेन्सर, म्हणजे कॅमेरा किती वेगानं कलतोय ते मोजणारा भाग, अगदी संथ हालचालीत कच्चा पडतो, कारण सेन्सरचं स्वतःचंही वाचन हळूहळू सरकत असतं आणि संथ खरी हालचाल त्याला त्यापासून वेगळी काढता येत नाही. श्वासाची लय तर चार-पाच सेकंदांना एक, म्हणजे संथच. अर्ध्या सेकंदाचा फोटो हातात धरून काढताना जिथे यंत्र कमी पडतं, तिथेच श्वास उपयोगी येतो.

प्रत्यक्षात असं करावं. पाय खांद्यांएवढे फाकवून डावा पाय थोडा पुढे. डावा तळवा लेन्सखाली, वजन त्याच्यावर. उजव्या हातानं फक्त पकडायचं आणि बटण दाबायचं. कोपरं बरगड्यांना हलकी टेकवावीत, दाबू नयेत, दाबली की छातीची हालचाल थेट कॅमेऱ्यात उतरते. व्ह्यूफाइंडर भुवईला टेकलेला असू द्या. खांदे न उचलता पोटानं दोन सावकाश श्वास घ्या. तिसरा नेहमीएवढाच घेऊन सोडू लागा आणि सोडतानाच बटण अर्धं दाबून फोकस धरा. हवा आपोआप थांबली की बोटाचं पेर बटणावर लोळवल्यासारखं उरलेलं अर्धं दाबा, टिचकी मारू नका. फोटो झाल्यावरही क्षणभर बोट दाबलेलंच ठेवा. तीन-चार फोटोंची सलग मालिका घेतली तर बोटाचा धक्का पहिल्यात अडकतो आणि मधले बहुधा स्वच्छ निघतात. गुडघ्यावर बसलात तर कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, हाडावर हाड घसरतं. थोडं पुढे, मांसल भागावर टेकवा.

आपलं कुठे चुकतंय ते घरी कळतं. खोली काळोखी करून चार-पाच मीटरवर चार्जरचा बारीक एलईडी दिवा ठेवा. स्टॅबिलायझर बंद, फोकस हातानं, शटर १/८. श्वास घेताना दहा, छाती भरून दहा आणि सोडल्यानंतरच्या विरामात दहा फोटो काढा. ठिपक्याची सरळ उभी रेघ झाली असेल तर दोष श्वासाचा किंवा बोटाचा, कोणाचा ते टायमर लावून, म्हणजे बोट न लावता, काढलेल्या फोटोंवरून ठरतं. नागमोडी गुंता दिसला तर ते हाताचं कंपन, त्याला श्वास काही करणार नाही, भिंतीचा नाहीतर खांबाचा आधार घ्या.

काही ठिकाणी ही युक्ती लागूच पडत नाही. गड चढून धापा टाकत वर पोचल्यावर विराम जेमतेम निमिषाचा असतो, तिथे पाच मिनिटं बसावं नाहीतर आयएसओ वाढवावा. कासच्या पठारावरचं इवलं फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात घ्यायचं तर एफ/८ लाही (लेन्सचं छिद्र बरंच लहान करूनही) फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा भाग, सुमारे १ मिमी मिळते आणि अंगाचं पुढे-मागे डुलणं त्याहून मोठं असतं. तिथे बसून किंवा पालथं पडूनच काम होतं. याउलट मोबाइलवर नाइट मोडला विराम छान जमतो. तीन सेकंदांचा टायमर लावा, कोपरं अंगाशी घ्या, श्वास सोडायला सुरुवात करतानाच बटण दाबा. हवा संपते त्याच सुमारास फोटो सुरू होतो. थंडीत मात्र श्वास ओठांतून खाली सोडा. नाकातून सोडला तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाफ धरते आणि ऐन वेळी समोर काहीच दिसत नाही.