कणगी कापायची कशी?

माझ्या आजोळी माजघरात एक कणगी होती. कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, तेव्हाच्या माझ्याहून उंच. चौकोनी कणगी मी कुठेच पाहिली नाही. आत भरलेलं धान्य भिंतीला बाहेर रेटतं. सपाट भिंत त्या रेट्याने मधोमध फुगते; गोल भिंतीत तोच रेटा परिघावर सारखा वाटला जातो आणि भिंत फक्त ताणली जाते.

केप टाउनच्या बंदरात १९२४ मध्ये अशीच एक अवाढव्य कणगी बांधून पूर्ण झाली. काँक्रीटच्या ४२ उभ्या नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, शेजारी उंच मनोरा. मका इथे साठवायचा आणि जहाजांत भरायचा. पुढे माल कंटेनरमधून जाऊ लागला, कोठार ओस पडलं.

ते पाडणं सोपं वाटेल. पण जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. उभं असलेलं काँक्रीट म्हणजे आधीच जाळून झालेलं इंधन. ते भंगारात घालून तिथेच नवीन ओतणं मला तरी उधळपट्टी वाटते.

अडचण वेगळीच होती. या इमारतीत माणसाने उभं राहावं अशी मोकळी जागा जवळजवळ नव्हतीच. तिथे कलासंग्रहालय करायचं काम ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांच्याकडे आलं. त्यांनी मक्याच्या एका दाण्याचा आकार संगणकावर घेतला, तो कित्येक मजली उंचीचा केला आणि तेवढी पोकळी नळ्यांमधून कोरायचं ठरवलं.

इथे खरं कौशल्य लागलं. नळीची ताकद तिच्या अखंड वर्तुळात असते, पिंपाला कडं असतं तशी. ते वर्तुळ तिरकं कापलं की उरलेली भिंत उघडी पडते, आणि ती होती जेमतेम १७ सेंटीमीटर जाडीची. म्हणून कापण्याआधी जुन्या नळ्यांच्या आत सळया बांधून नव्या काँक्रीटचं अस्तर ओतलं. कुठे कापायचं त्याच्या खुणा भिंतीवर खिळे ठोकून केल्या. मग करवत चालली. कापलेल्या कडा घासून आरशासारख्या चकचकीत केल्या आहेत. तिथे जुनं खडबडीत काँक्रीट आणि आतलं नवं अस्तर शेजारी शेजारी दिसतं. दुरुस्ती कुठे झाली ते लपवलेलं नाही, हे मला फार आवडतं. चित्रांच्या दालनांसाठी मात्र बऱ्याच नळ्या आतून काढून टाकल्या. त्या पांढऱ्या सपाट भिंतींत कोठाराची आठवण उरत नाही, याची हळहळ वाटते.

संग्रहालय २०१७ मध्ये उघडलं. कापलेल्या नळ्यांची वरची तोंडं आता काचेने झाकली आहेत. जिथून मका आत पडायचा, तिथून ऊन खाली उतरतं.