स्पीकर-पेटीचे घरगुती सुतारकाम : हत्यारे आणि सुरक्षितता

स्पीकर-पेटीचे घरगुती सुतारकाम म्हणजे तयार मिळणाऱ्या ड्रायव्हरसाठी (आवाज काढणारे भाग : खालच्या स्वरांचा वूफर, वरच्या स्वरांचा ट्वीटर इ.) फळ्यांची हवाबंद किंवा पोर्ट (हवेची नळी) असलेली पेटी स्वतः बनवणे. हा छंद जुना आहे, पण अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मांडलेल्या गणितामुळे त्याला भक्कम पाया मिळाला. ड्रायव्हरचे मोजके आकडे हाती असले की पेटीत किती लिटर हवा हवी आणि पोर्ट किती लांब हवा, हे कागदावर काढता येऊ लागले. त्यापुढचे काम सुताराचे. पेटी दिसते सोपी : सहा फळ्या, दोन-तीन भोके, गोलावलेल्या कडा. त्यात बोटांवर, डोळ्यांवर किंवा कानांवर बेतू शकतील असे टप्पे मोजकेच असतात. ते कोणते हे आधी ओळखावे आणि त्या प्रत्येकासाठी हत्यार व रीत ठरवावी. दुकानात उभे राहून हत्यारांची यादी करण्यापेक्षा ही वाट बरी.

अचूकता कुठे हवी, कुठे नको

नवशिक्याचा खर्च आणि धोका दोन्ही वाढतात ते नको तिथे अचूकतेच्या मागे लागल्याने. आतून ३०० मिमी उंच असलेल्या पेटीत उंची १ मिमीने चुकली, तर आतली हवा जेमतेम ०.३ टक्के बदलते. कानाला तो फरक कळत नाही. समोरासमोरच्या फळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळणे, कोपरे काटकोनात असणे आणि सांध्यातून हवा न गळणे या तीन गोष्टी मात्र सोडून चालत नाही. म्हणून पहिली खरेदी यंत्राची नसावी. चांगला गुण्या, पोलादी पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, टोकदार पेन्सिल आणि रेघ मारायची सुरी एवढे आधी घ्यावे. दोन बाजूंच्या फळ्या एकावर एक ठेवून कडेवरून बोट फिरवले, तर पट्टीवर न दिसणारा फरकही बोटाला लागतो.

खरी बारीक अचूकता लागते ती समोरच्या फळीवर, म्हणजे बॅफलवर, ड्रायव्हरची कडा बसवण्याच्या खाचेत. तिथे अर्धा मिमी जास्त झाला तरी फट उठून दिसते.

फळ्या आणि त्यांची धूळ

या कामात एमडीएफ (लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली फळी) सर्वाधिक वापरतात. ते सपाट असते, त्याला रेषा किंवा गाठी नसतात आणि कापताना ते दिशा बदलत नाही. बर्च प्लायवूड अधिक ताठ व हलके, पण महाग. एमडीएफची घनता साधारण ७५० किग्रॅ. प्रति घनमीटर धरली, तर २४४० × १२२० मिमी आकाराच्या १८ मिमी जाडीच्या अख्ख्या तावाचे वजन सुमारे ४० किग्रॅ. भरते. असा ताव एकट्याने उचलून घरगुती करवतीवर ढकलणे हा या छंदातला पहिला अपघात ठरू शकतो.

एमडीएफची धूळ पिठासारखी असते आणि ती बराच वेळ हवेत तरंगते. तिच्यात लाकडाच्या तंतूंबरोबर बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड हे दोन्ही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क हवा, आणि शक्य असेल तर हत्याराच्या तोंडाशीच व्हॅक्यूमची नळी. काम संपल्या संपल्या मास्क काढून झाडू हातात घेण्याची सवय वाईट आहे. बसलेली धूळ झाडूने पुन्हा उडते आणि तीच श्वासात जाते. व्हॅक्यूमने ओढावी, नाहीतर ओल्या फडक्याने पुसावी.

सरळ काप

सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे मोठे काप स्वतः न करणे. पॅनेल सॉ (अख्खे ताव कापायचे यंत्र) असलेल्या ठिकाणी माप देऊन फळ्या कापून आणल्या की सगळे सरळ काप काटकोनात मिळतात आणि धोक्याचा मोठा वाटा घरात येतच नाही. यात कमीपणा काही नाही. चांगली पेटी बनवणारे अनेक जण हेच करतात.

घरीच कापायचे असेल तर हातातली सर्क्युलर सॉ आणि तिला टेकू म्हणून क्लॅम्पने बांधलेली सरळ पट्टी ही जोडी पुरते. ताव खाली सपाट फोम किंवा टाकाऊ फळीवर ठेवावा. पाते तावाच्या जाडीपेक्षा ३ ते ५ मिमीच खाली उतरेल असे लावावे. कापलेले दोन्ही भाग शेवटपर्यंत आधारावर राहिले पाहिजेत. एक भाग लोंबकळला की फट मिटते, पाते आवळले जाते आणि सॉ मागे उसळते. तसे होण्याआधी मोटरचा आवाज जड होतो. तो ऐकू आला की जोर लावू नये. बटण सोडावे, पाते थांबेपर्यंत सॉ जागेवरच धरावी आणि मग आधार नीट करावा.

टेबल सॉवर (टेबलातून पाते वर येणाऱ्या करवतीवर) धोका वेगळ्या जागी असतो. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. तुकडा फेन्सकडून (बाजूच्या सरळ आधाराकडून) तिरका होऊन त्या दातांना टेकला की तो उचलला जाऊन माणसाच्या दिशेने फेकला जातो. पात्यामागची रायव्हिंग नाइफ ही उभी पट्टी नेमकी यासाठी असते : कापलेली फट मिटू न देणे आणि तुकड्याला मागच्या दातांपासून दूर ठेवणे. ती काढून ठेवलेली सॉ वापरू नये. पात्याच्या रेषेत उभे राहू नये, आणि हात पात्याजवळ येणार असेल तर पुढे ढकलायला काठी वापरावी.

फिरत्या हत्यारावर हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचा एक धागा जरी पात्यात किंवा बिटात (हत्याराच्या फिरत्या कापणाऱ्या टोकात) अडकला, तरी तो सगळा हात आत ओढतो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आणि अंगठी यांचेही तेच. ताव उचलताना किंवा पेटीत ग्लासवूल भरताना मात्र हातमोजे जरूर घालावेत.

भोके आणि राऊटर

ड्रायव्हरचे भोक जिगसॉने (वरखाली हलणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीने) पाडता येते, पण जाड एमडीएफमध्ये जिगसॉचे पाते खाली वाकते. वरून भोक गोल दिसते आणि खालून तिरके निघते. ड्रायव्हरची कडा भोक झाकणार असेल तर एवढ्यावर भागते : रेघेच्या आत २ मिमी कापावे आणि कानशीने पुढे न्यावे. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लहान भोकांसाठी ठीक. मोठी होल सॉ हातातल्या ड्रिलवर लावली की अडकताक्षणी मनगटाला पीळ बसतो. ड्रिलला बाजूचा दांडा लावावा, वेग कमी ठेवावा आणि फळी बांधलेली असावी.

खाच काढून ड्रायव्हर बॅफलच्या पातळीत बसवायचा असेल तर राऊटर (फिरत्या बिटाने खाचा व कडा कोरणारे हत्यार) आणि वर्तुळाचा जिग (त्याला खिळेभोवती गोल फिरवणारी पट्टी) याला तोड नाही. स्पीकर बनवणाऱ्याने एकच विजेचे हत्यार घ्यायचे ठरवले, तर ते प्लंज करणारे (चालू बिट वरून फळीत उतरवता येणारे) आणि वेग बदलता येणारे राऊटरच असावे. त्याचे काम असे चालते. ड्रायव्हरच्या कडेचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजायची. कंपनीच्या कागदावरचा आकडा पडताळून घ्यायचा. जिगची खिळ बॅफलच्या ठरवलेल्या मध्यबिंदूत रोवायची आणि टाकाऊ तुकड्यावर एकदा पूर्ण खाच काढून ड्रायव्हर त्यात टेकवून पाहायचा. आधी खाच, नंतर आरपार भोक, हा क्रम उलटला तर खाचेच्या वेळी खिळ रोवायला मध्यबिंदूच उरत नाही. प्रत्येक फेरीत ३ ते ४ मिमीच खोल जायचे. शेवटच्या फेरीत खरा सापळा असतो. बिट आरपार गेले की मधली चकती सुटते, चकतीतच खिळ असते, आणि राऊटर आधाराविना झेप घेते. म्हणून फळीखाली टाकाऊ फळी ठेवून चकती तिला आधीच दोन स्क्रूंनी, बिटाच्या वाटेपासून दूर, जखडून टाकावी. नाहीतर शेवटचा १ मिमीचा पापुद्रा ठेवून तो सुरीने कापावा. वूफरच्या भोकाची मागची कडा ४५ अंशात तिरकी करायची ती ड्रायव्हर बसवण्याआधी. जाड फळीत त्याशिवाय वूफरच्या मागची हवा कोंडते.

बिट बदलताना प्लग काढलेला असावा. नुसते बटण बंद असणे पुरेसे नाही. बिटाचा दांडा कलेटमध्ये (त्याला पकडणाऱ्या नळीत) तळाला टेकवून मग २ मिमी मागे ओढावा आणि नंतर आवळावा. तळाला टेकलेले बिट नीट आवळले जात नाही. राऊटर हातात धरलेले असताना बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. त्यामुळे फळीची बाहेरची कडा काट्यांच्या उलट दिशेने आणि भोकाची आतली कडा काट्यांच्या दिशेने फिरत घ्यायची. याउलट गेले तर बिट लाकडावर चालायला लागते आणि हत्यार हातातून पळते.

गोल कडा

बॅफलच्या कडा गोल करण्यामागे शोभेपेक्षा मोठे कारण आहे. आरसीए कंपनीतील ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत गोलाकार पेटीचा प्रतिसाद सर्वांत गुळगुळीत निघाला आणि घनाकार पेटीत मोठे चढउतार दिसले. धारदार कडेवर ध्वनिलहरींचे विवर्तन होते (त्या वळून विखुरतात), म्हणून हौशी मंडळी मोठ्या त्रिज्येची गोलाई मागतात. पण ध्वनीसाठी हवे असलेले हे बिटच हातातल्या राऊटरवर सर्वांत धोक्याचे असते. १९ मिमी त्रिज्येच्या राऊंडओव्हर बिटाचा व्यास बेअरिंग धरून सुमारे ५० मिमी होतो. मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या वेगाने त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किमी भरतो. अशा बिटाला वेग १०,००० ते १२,००० फेऱ्यांवर आणावा, जाड दांड्याचे बिट घ्यावे आणि पूर्ण गोलाई तीन-चार फेऱ्यांत काढावी. लहान ट्रिमरला (एका हातात मावणाऱ्या राऊटरला) हे बिट लावूच नये. पूर्ण गोलाईचा आग्रह नसेल तर हातरंध्याने ४५ अंशांची रुंद तिरकी कड काढता येते. वेळ जास्त लागतो, पण आवाज नाही आणि धूळ जवळजवळ नाही. भुशाऐवजी साली निघतात.

कान

स्पीकर बनवणाऱ्याचे शेवटचे मोजमापयंत्र त्याचे कान, आणि पेटी बनवणारी हत्यारेच ते बिघडवतात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तासांची आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. चालू राऊटर त्या पातळीच्या आसपास सहज जाते. एका बॅफलचे काम एवढ्या वेळात संपत नाही. गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी घटते. गायकाच्या आवाजातली स्पष्टता याच पट्ट्यात असते, आणि अनेक दोन-ड्रायव्हर स्पीकरांचा क्रॉसओव्हर (जिथे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो तो बिंदू) त्याच्या थोडा खाली, २,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान असतो. कान असे झालेला माणूस ट्वीटर चढवत नेतो, आणि चूक पेटीची आहे की कानाची, हे त्याला स्वतःला कळत नाही. कानावर मफ किंवा कानात प्लग हत्यार सुरू करण्याआधी चढवावेत. त्या दिवशी स्पीकर ऐकून निर्णय घेऊ नये. कान थकलेले असतात.

जोडणी

इथे धोका कमी आहे. पांढऱ्या पीव्हीए गोंदाने नीट जोडलेला एमडीएफचा सांधा फळीपेक्षा मजबूत ठरतो. ओढून तोडला तर फळीच फाटते. क्लॅम्प भरपूर हवेत, एका पेटीला सहा ते आठ. फळ्यांची कड १ मिमी बाहेर राहील अशी जोडून, गोंद वाळल्यावर फ्लश-ट्रिम बिटाने सपाट केली की कापातल्या किरकोळ चुका नाहीशा होतात. त्या कडेत स्क्रू असतील तर ते खोल बसलेले आहेत ना, हे आधी पाहावे. बिटाला धातू लागला की त्याच्या कार्बाइडच्या (कठीण धातूच्या) धारेचा तुकडा उडतो. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारताना आधी भोक न पाडल्यास फळी पदरापदराने उकलते.

पेटीला तेल लावले असेल तर जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेटू शकते. ती बाहेर एकेकटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

ड्रायव्हर बसवताना

शेवटच्या टप्प्यात जपायचे ते ड्रायव्हरला. स्क्रूची भोके ड्रायव्हर जागेवर नसताना पाडावीत : खाचेत ठेवून खुणा कराव्यात, ड्रायव्हर उचलून दूर ठेवावा, भोके पाडावीत, पेटीच्या आतली धूळ आणि धातूचा कीस व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. चुंबकाच्या फटीत गेलेला लोखंडी कीस सहसा बाहेर निघत नाही आणि व्हॉइस कॉइल (ड्रायव्हरचे हलणारे तारेचे वेटोळे) घासू लागते. स्क्रू हातानेच आवळावेत. चुंबक स्क्रूड्रायव्हरला शेवटच्या क्षणी बाजूला खेचतो, आणि टोक घसरले तर ते थेट कोनमधून (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्यातून) आरपार जाते. दुसऱ्या हाताची बोटे कोन आणि स्क्रू यांच्या मध्ये कडेवर आडवी धरली की टोक बोटाला टेकते, कोन वाचतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत, म्हणजे धातूची चौकट पिळली जात नाही.