ऑनलाइन पाठलागाचा प्रतिकार

इंटरनेट, फोन किंवा अन्य उपकरणांच्या साहाय्याने एखाद्यावर पाळत ठेवणे, नको असताना वारंवार संपर्क साधणे आणि त्याला धास्तीत ठेवणे म्हणजे ऑनलाइन पाठलाग. या छळाचा गाभा सातत्यात आहे. ‘आज निळा शर्ट छान दिसत होता’ हा मेसेज त्रयस्थाला कौतुकाचा वाटेल. ब्लॉक केल्यावर चौथ्या बनावट खात्यावरून तो आला आहे, हे कळले की त्यातली धमकी दिसते.

म्हणून नोंद ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. संतापून सगळे पुसून टाकले, की पुरावाही जातो. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसायला हवे. प्रोफाइलची लिंक वेगळी टिपावी. नाव केव्हाही बदलता येते. नंतर खात्याची तक्रार करावी. वाद घालणे, विनवणी करणे टाळावे. चाळिसाव्या मेसेजला दिलेले उत्तर ‘चाळीस पाठवले की उत्तर मिळते’ एवढेच शिकवते.

पाठलाग करणारा अनेकदा पूर्वीचा जोडीदार किंवा परिचित असतो. त्याला पासवर्ड ठाऊक असतात. कधी फोनमध्ये हेरगिरीचे छुपे अॅपही असते. ते घाईने काढल्यास त्याला सुगावा लागून धोका वाढू शकतो. त्यामुळे मदत दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून मागावी, पासवर्डही तिथूनच बदलावेत. सामानात लपवलेल्या ब्लूटूथ ट्रॅकरची, म्हणजे ठावठिकाणा कळवणाऱ्या छोट्या उपकरणाची, सूचना 2024 पासून अॅपल आणि अँड्रॉइड, दोन्ही फोनवर मिळू शकते. खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी असेल तर 2021 मध्ये सुरू झालेली ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा प्रौढांना उपयोगी पडते. छायाचित्र फोनमध्येच राहते. त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे ते ओळखणारा संकेतांक, तेवढा सहभागी समाजमाध्यम कंपन्यांकडे जातो, म्हणजे त्यांना ते छायाचित्र ओळखून रोखता येते.

पाठलागाविरुद्ध कॅलिफोर्नियाने 1990 मध्ये कायदा केला. भारतात फौजदारी कायद्यातील 2013 च्या दुरुस्तीने स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे गुन्हा ठरले; आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. जिवाची भीती असेल तर पुरावा पूर्ण होण्याची वाट न पाहता पोलिसांना कळवावे.

‘इंटरनेटच सोडून दे’ हा आप्तांचा सल्ला शिक्षा पीडितालाच देतो. त्यापेक्षा येणारे मेसेज वाचून त्यांची तारीखवार नोंद ठेवण्याचे काम एखाद्या विश्वासू व्यक्तीने अंगावर घेतले, तर मोठा भार उतरतो. मित्रांनीही पीडिताचे फोटो आणि ठिकाण विचारल्याशिवाय टाकू नये. पीडिताने आपले खाते बंद केले, तरी त्याची माहिती बहुधा मित्रांच्याच खात्यांतून गळते.